एकतीस अंशांवरची रेघ

रेघकाका हे कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागातले परिचर. कागदोपत्री त्यांचं काम म्हणजे बाटल्या धुणं, बर्नरच्या नळ्या तपासणं आणि मुलांनी फोडलेल्या काचा निमूटपणे झाडणं. पण त्या कामावरून त्यांना कुणी कधी ओळखलं नाही. त्यांची सगळी ओळख एका रेघेवर उभी होती, आणि तीही शेवटी दिसेनाशी होणारी! दुसरा कुणी असता तर या टोपणनावाने वैतागला असता. काकांना ते आवडायचं. फोन उचलला की पलीकडच्याला स्वतःहून सांगायचे, "हां, रेघकाका बोलतोय."

ती रेघ राहायची तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत. तिथे लोखंडी पेटीत पाण्याचं एक काचेचं भांडं होतं आणि त्या पाण्यात, पितळी चौकटीत कायमची बसवलेली, अंगठ्याएवढी जाड काचनळी. नळीत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला, तोच आपला सोड्याच्या बाटलीत फसफसणारा. पण इथे त्याला इतका दाबून बसवलेला की नळीच्या खालच्या अर्ध्या भागात तो पाण्यासारखा द्रव झाला होता आणि वरच्या अर्ध्यात वायू राहिला होता. दोघांच्या मधे काचेवर आडवी चमकणारी सीमा, ती रेघ. चुकूनमाकून नळी फुटलीच तर कुणाला इजा होऊ नये म्हणून पेटीला एकच जाड काचेची खिडकी ठेवलेली होती. एका वेळी एकच माणूस स्टुलावर बसून आत बघू शकत असे, आणि तो माणूस बावीस वर्षं काकाच होते.

प्रयोग साधा होता, पण त्याला बैलाचा धीर लागायचा. पाणी अगदी हळू तापवायचं, अंशाच्या दहाव्या भागाला पाच-पाच मिनिटं द्यायची. एक मुलगा थर्मामीटरच्या भिंगाला डोळा लावून बसणार, काका खिडकीला. रेघ फिकट होत होत एका क्षणी नाहीशी झाली की काका म्हणणार, "गेली!" आणि मुलाने आकडा वहीत टिपायचा. मग पाणी तापतच असे आणि मुलांना पाळीपाळीने आत डोकावायला मिळे, पण तेव्हा आकड्याकडे कुणाचं लक्ष नसे. काका 'गेली' म्हणाले की ती गेली. विभागात यावर दुसरं मत नव्हतं.

काका शिकले होते दहावीपर्यंतच, पण ही एवढी गोष्ट त्यांना प्राध्यापकांपेक्षा चांगली सांगता यायची. "वायूला दाबलं की त्याचं पाणी होतं, असं वाटतं ना तुम्हाला?" ते मुलांना विचारायचे. "होतं, पण तो थंड असेल तर. प्रत्येक वायूचा एक उंबरठा ठरलेला. ह्याचा एकतीस अंश. त्याच्यावर गेला की मग हत्ती बसवा त्याच्या उरावर, तो द्रव व्हायचा नाही. ऑक्सिजनचा उंबरठा तर बर्फाच्याही शंभरावर अंश खाली. पूर्वीच्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. दाबत बसले बिचारे, आणि शेवटी म्हणाले, हा वायू हट्टी आहे. हट्टी कसला! आधी गार तर करा त्याला." पुस्तकात या उंबरठ्याला क्रांतिक तापमान म्हणतात. काका म्हणत नसत. त्यांना तो शब्द मोर्चातल्या घोषणेसारखा वाटायचा.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं मन उंबरठ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे रमत नसे, ते रमायचं बरोबर उंबरठ्यावर. एकतीसच्या जवळ येताना खालचा द्रव फुगून हलका होत जायचा, वरचा वायू दाटून जड होत जायचा. दोघं एकमेकांसारखे होत होत इतके सारखे व्हायचे की मधे सीमा ठेवायला कारणच उरत नसे. त्या क्षणी नळीत मंद धुकं भरायचं, सकाळी दूध तापताना खिडकीवर येतं तसं. काका स्टुलावर बसल्या बसल्या त्या धुक्यात शिरून जायचे. आत पाणीही नाही, हवाही नाही, नाव ठेवावं असं काहीच नाही. बाहेर घंटा होई, मुलं कुजबुजत, आणि काका मात्र कुठल्या तरी बिनकाठाच्या तळ्यावर तरंगत असत. एकदा तर ते 'गेली' म्हणायलाच विसरले. तो प्रयोग पुन्हा करावा लागला, आणि मुलांनी वार्षिक अंकात त्यांचं व्यंगचित्र छापलं.

घरी काकू म्हणायच्या, "पंधरा मिनिटं भाजीवाल्यासमोर उभं राहवत नाही तुम्हाला, आणि त्या नळीपुढे तासन् तास बसता!"

"भाजी कुठे नाहीशी होते?" काका म्हणायचे.

"माझ्या हातची होते की. ताटातून."

या घरात गेल्या काही महिन्यांपासून एक गोष्ट दोघांतच राहिली होती. काकांना पायऱ्यांची कड नीट कळेनाशी झाली होती. काकूंनी हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते औषधाने टिकवू. फिकट गोष्टी आधी जातील, ठळक बराच काळ दिसतील. काकांनी काकूंना शपथ घातली, कॉलेजात कळता कामा नये. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि डोळ्याचं कळलं असतं तर त्यांना तळमजल्यावरून उचलून गोणी-बाटल्यांच्या भांडारात बसवलं असतं. तिथे रेघ नव्हती.

अशातच एका दुपारी विभागप्रमुख बाई प्रयोगाच्या जुन्या वह्या घेऊन खाली आल्या. बाई याच कॉलेजच्या विद्यार्थिनी, याच स्टुलावर बसून त्यांनी पहिल्यांदा रेघ जाताना पाहिली होती. त्यांनी वह्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"काका, हे बघा. सुरुवातीची सगळी वर्षं एकतीस. मग तीस पूर्णांक आठ. मग साडेतीस. यंदा तीस पूर्णांक एक. दरवर्षी रेघ आधी जातेय."

"हो का?" काका म्हणाले. त्यांना ते खरोखरच माहीत नव्हतं. आकडा टिपणारी मुलं दरवर्षी नवी असायची आणि वही भरली की कपाटात जायची.

"वायू गळत असणार. इतक्या दाबाची नळी आणि गळती, म्हणजे जोखीमच. सोमवारी नळी मोकळी करून मोडीत काढायची. मला तरी काय आनंद होतोय? पण मुलं बसतात इथे."

बाई गेल्या. काका नळीपुढे बसले. त्यांना वाटलं, बरोबरच आहे, नळीही आपल्यासारखी म्हातारी झाली. पण बावीस वर्षं एकाच गोष्टीचा विचार केलेला माणूस त्या गोष्टीबद्दल खोटं फार वेळ मानू शकत नाही. त्यांचं डोकं आपोआप चालायला लागलं.

वायू गळला, तर नळीत माल कमी झाला. माल कमी, तर तापवताना खालचा द्रव फुगणार नाही, उलट उडून उडून आटत जाईल. म्हणजे रेघ खाली खाली सरकेल आणि तळाशी जाऊन संपेल. पण यंदाही रेघ तळाला गेली नव्हती. ती नळीच्या मध्यावर, चौकटीच्या खाचेसमोर, होती तिथेच विरली होती. एवढं तर त्यांना पक्कं दिसलं होतं. म्हणजे आत भरलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. नळी चांगली होती.

मग तीस पूर्णांक एकला काय गेलं?

फिकट गोष्टी आधी जातील, डॉक्टर म्हणाले होते. एकतीस जवळ यायला लागलं की रेघ फिकट होतेच. त्यांच्यापुरती ती दरवर्षी थोडी आधी संपत होती, एवढंच. नळी आपल्या जागी शाबूत होती आणि वह्यांत गेली तीन वर्षं त्यांच्या डोळ्याचंच तापमान टिपलं जात होतं.

गप्प बसणं सोपं होतं. नळी बोलणार नव्हती. सोमवारी ती मोडीत गेली असती, दोष तिच्यावर गेला असता, आणि काकांची दोन वर्षं बाटल्या धुण्यात निघून गेली असती. त्या संध्याकाळी काकूंनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

काकू कपबशा विसळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही घातलेली शपथ मी पाळली. आता तुमचं तुम्ही बघा. पण त्या नळीला खोटं पाडून तुम्हाला घास गिळवेल, असं मला वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी काका बाईंच्या खोलीत गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "बाई, नळी मोडण्याआधी एकदा तुम्ही स्वतः बघा. तुम्ही खिडकीशी बसा, मी भिंगाशी बसतो. भिंगातून अजून दिसतं मला."

"अजून म्हणजे?" बाईंनी विचारलं.

काकांनी सांगितलं. बाईंनी पेन ठेवलं आणि त्या काकांबरोबर खाली आल्या.

पाणी तापायला लागलं. खोलीत फक्त ढवळणीचा बारीक आवाज होता. बाई स्टुलावर, काका भिंगाशी. तीस पूर्णांक एकवर पारा आला.

"तीस पूर्णांक एक," ते म्हणाले.

"आहे," बाई म्हणाल्या. "स्वच्छ आहे."

काकांना एकदम इतका आनंद झाला की भिंगातला आकडा हलला.

"साडेतीस."

"आहे."

"तीस पूर्णांक आठ."

"आहे, काका. जरा फिकट. पण मध्यावरच आहे."

प्रत्येक 'आहे'ने नळी वाचत होती, आणि प्रत्येक 'आहे' त्यांना सांगत होतं की आपल्याला काय काय दिसत नव्हतं. तीन वर्षं ते आपल्या तळ्याच्या काठावरूनच परत येत होते. खरं धुकं तर त्यांच्या हाकेनंतर आलं होतं, आणि ते पाळीपाळीने डोकावणाऱ्या पोरांनी पाहिलं होतं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण आवाज त्यांनी सरळ ठेवला.

"एकतीस."

बाई खिडकीशी आणखी वाकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "गेली."

काका खुर्चीत मागे टेकले. "धुकं आहे?"

"आहे."

"कसं आहे, सांगा ना."

"दुधाळ. मधोमध दाट आहे, कडेला थोडं तांबूस. आता सगळीकडे सारखं होतंय." त्या स्टुलावरून उठायला लागल्या. "या ना काका, तुम्ही बसा."

"नको," काका म्हणाले. "तुम्ही बघत राहा. आणि थांबू नका, सांगत राहा."