भाताची थप्पी आणि वूफर

मला एका जागी बसवत नाही. पंखा नीट फिरत असला तरी त्याचं बटण मी एकदा मागेपुढे करून बघणारच. बायको म्हणते, या माणसाला भाजीत मीठ बरोबर असलं तरी चिमूटभर वरून घेतल्याशिवाय घास उतरत नाही. अशा माणसाने होम थिएटर घेऊ नये. मी घेतलं.

आमचं गाव शेणव्याच्या पुढे. मी शहापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस आहे, त्यामुळे विज्ञानातलं आपल्याला चार लोकांपेक्षा जास्त कळतं अशी माझी समजूत. होम थिएटरचे पाच छोटे स्पीकर पिशवीत मावले, पण जाड, खर्जातला आवाज काढणारा वूफर म्हणजे गुडघ्याएवढं काळं खोकं. ते मी धाकट्या भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर धरून आणलं. गाडी तो चालवत होता आणि प्रत्येक खड्ड्याला मी त्याला शिव्या देत होतो. तो हसत होता. त्याला माझ्या शिव्या लागत नाहीत, लहानपणापासून.

आईवडील गेल्यावर घराचे दोन भाग झाले. मध्ये एका विटेची भिंत, इकडे मी आणि बायको, तिकडे भाऊ, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी. भांडण काहीच नव्हतं. दोन बायकांच्या हाताला दोन चवी, म्हणून चुली वेगळ्या झाल्या. भात मात्र वेगळं झालं नाही. शेत एक, खळं एक, आणि झोडणीनंतर पोती शिवली की सगळी थप्पी माझ्याच खोलीत, त्या मधल्या भिंतीला लावून. ज्याच्या घरातले तांदूळ संपले त्याने एक पोतं उचलायचं आणि गिरणीवर भरडून आणायचं. कोणी किती नेलं हे कोणी विचारत नसे. गावात दोन भाऊ खरंच वेगळे झाले का हे बघायचं तर लोक चूल बघत नाहीत. भात वेगळं झालं का, एवढंच विचारतात.

वूफर आला तो मार्गशीर्षात. नवं भात घरात आलेलं, थप्पी आढ्याला टेकायला आलेली. आमच्याकडे वूफर म्हणजे लग्नातला दणका, एवढंच लोकांना ठाऊक. खरं तर चांगला लावलेला वूफर कुठे ठेवलाय हेच कळू नये. आवाज सगळ्या खोलीतून यावा, खोक्यातून नाही. त्यासाठी त्याची जागा शोधावी लागते, आणि त्याची एक रीत मी मोबाइलवर वाचली होती. आपण जिथे बसणार त्या खुर्चीवर वूफर ठेवायचा, त्यावर एकच जाड सूर लावायचा, आणि आपण गुडघ्यांवर खोलीभर रांगायचं. जिथे तो सूर भरीव लागेल, घुमणार नाही आणि विरणारही नाही, तिथे मग वूफर ठेवायचा.

मी रांगलो. बर्मुडा घालून, एक कान जमिनीकडे करून. तेवढ्यात शेजारची काकू विरजण मागायला आली आणि दारातच थांबली. बायकोने तिला शांतपणे सांगितलं, "काय तरी हरवलंय त्यांचं." काकू विरजण घेऊन गेली आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या आळीने माझं काय सापडलं का म्हणून चौकशी केली.

जागा सापडली ती थप्पीच्या कडेला. पण पुढचं काम एकट्याचं नसतं. वूफरच्या मागे एक छोटी कळ असते, तिने त्याचा आवाज इतर स्पीकरांशी जुळतो किंवा उलटा पडतो. ती कळ फिरवताना आपण खोक्याच्या मागे ओणवे असतो, आणि ऐकायचं असतं खुर्चीतून. म्हणून खुर्चीत भावाला बसवलं. मी मागून विचारायचो, "आता?" तो म्हणायचा, "नाय, पातळ झाला." मी कळ फिरवायचो. "आता?" मग एकदा तो म्हणाला, "दादा, आता पोटात लागला. असाच राहू दे." मी अर्थातच राहू दिला नाही. महिनाभर रोज काहीतरी हलवत राहिलो. मांडणीवरचे पेले किणकिणायचे, त्यांच्याखाली फडकी घातली. देवघरातली घंटा आपोआप वाजायची, तिची जीभ दोऱ्याने बांधली, त्यावर बायको दोन दिवस बोलली नाही. पण रोज शेवटी भाऊ खुर्चीत बसला आणि "पोटात लागला" म्हणाला की मी थांबायचो. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर मी थांबलेलो मला आठवत नाही.

त्याच खुर्चीत बसून त्याने एक दिवस सांगितलं की वाशिंदला खोली बघितली आहे. त्याची नोकरी कल्याणला. पहाटे अंधारात मोटरसायकल काढायची, आसनगावला लावायची, मग लोकल पकडायची, आणि घरी येईपर्यंत मुलगी झोपलेली. वाशिंदला स्टेशनाजवळ नव्या इमारती झाल्यात, तिथून सगळंच जवळ. त्याचं चुकीचं काहीच नव्हतं. मी खोक्याच्या मागे ओणवा होतो आणि तिथूनच म्हणालो, "वायरीवर पाय ठेवू नको."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "दादा, राग आला का तुला?"

मी म्हणालो, मला कसला राग, वायर तुटेल म्हणून सांगितलं.

मला तो जायला नको होता. एवढी साधी गोष्ट होती. मी ती त्याला सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही, आणि त्या आठवड्यात वूफरचा आवाज चारदा कमीजास्त केला.

निघायच्या दिवशी त्याने चाचरत विचारलं, थोडं भात न्यायचं का, घरचं असताना तिकडे तांदूळ विकत कशाला घ्यायचे. आता खरं सांगायचं तर त्याने विचारायचीही गरज नव्हती. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, थोडं कशाला, तुझं सगळं ने. तो म्हणाला, अरे एकदोन पोती पुरे. मी ऐकलं नाही. पोतं पाठीवर घ्यायचं, दारातल्या टेम्पोत टाकायचं, परत यायचं. त्याच्या हिश्शाची पोती संपली तरी मी थांबलो नाही, माझीही टाकली, फक्त खाण्यापुरती चार स्वयंपाकघरात ठेवली. तो टेम्पोजवळ उभा राहून माझ्याकडे बघत होता. टेम्पो गेला आणि आमच्या घरात पहिल्यांदा भात वेगळं झालं. तेही मी केलं, त्याने नाही.

त्या संध्याकाळी वूफर लावला तर आवाज पार बिघडलेला. रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत होता. मी बटणं फिरवली. जागा बदलली. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप आहे, ते खोलीच्या चारी कोपऱ्यांत धरून उभा राहिलो. पुन्हा रांगलो. बायकोला खुर्चीत बसवून मागून विचारलं, "आता?" ती म्हणाली, "मला सगळं सारखंच ऐकू येतंय आणि तव्यावर भाकरी हाय." असं कितीतरी दिवस चाललं. शाळेतही मी परीक्षानळ्या मांडायचो आणि पुन्हा मांडायचो.

मग एकदा रांगून दमलो आणि सवयीने थप्पीला पाठ टेकायला मागे झुकलो. थप्पी नव्हती. डोकं भिंतीवर आपटलं आणि शर्टाला चुना लागला. तिथेच बसून मला हसू आलं. भाताने भरलेल्या खोलीत मी महिनाभर वूफर जुळवला होता. घुमणारा आवाज गिळायचं जे काम गाद्यापडद्यांनी करायचं ते तिथे भाताच्या पोत्यांनी केलं होतं. भात काय जन्मभर थप्पीत राहतं का? दरवर्षी ते संपतंच, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला, प्रयोगशाळेतल्या माणसाला, सुचलं नव्हतं. हसून झालं आणि मग भिंतीला कान लावला. पलीकडे काहीच नव्हतं. तिकडे नेहमी पुतणी काहीतरी आपटायची.

बायकोच्या मुरबाडच्या माहेराहून आलेल्या सगळ्या गोधड्या मी त्या भिंतीला टांगून बघितल्या. आवाज थोडा बसला. बायको मात्र भडकली आणि गोधड्या परत ट्रंकेत गेल्या.

शिमग्याला भाऊ आला तो टेम्पो घेऊनच. टेम्पोत पोती. मी ओटीवर बसलो होतो, उठलो नाही. तो जवळ येऊन खाली मान घालून सांगायला लागला की तिसरा मजला आहे, पोती ठेवायला जागा नाही, गॅलरीत ठेवली तर भातात किडीची पाखरं झाली, ती जिनाभर उडायला लागली आणि शेजारी बोलायला लागले. मग म्हणाला, "दादा, भात हितंच राहू दे. दर साल. माझं तिकडं संपलं की एक पोतं न्यायला मी येत जाईन. चालंल ना?"

मी म्हणालो, "उचल मग. उन्हात काय ठेवलंस."

आम्ही दोघांनी पोती लावली, मधल्या भिंतीला, पूर्वीसारखी. पाठ झटकत तो आत आला आणि न सांगता खुर्चीत बसला. "लाव," म्हणाला. मी खोक्याच्या मागे गेलो. कळ फिरवली. विचारलं, "आता?" मी पुन्हा विचारणार तेवढ्यात तो म्हणाला, "पोटात लागला." मी मागेच थांबलो, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

आता तो रविवारी येतो, एक पोतं काढतो, गिरणीवर जातो, जेवून निघतो. दर पोत्यामागे भिंत थोडी उघडी पडते आणि आवाज थोडा पोकळ होतो. माझ्यासारख्याला ते लगेच कळतं. हात शिवशिवतात. पण वूफर मी थप्पी भरलेली असताना जुळवलेला आहे तसाच ठेवलाय. भादव्यापर्यंत तो पार बिघडेल, बिघडू दे. नव्या भाताच्या झोडणीला येणार असं भावाने सांगून ठेवलंय.