राजधानी नसलेला देश

परवा जामसंड्याच्या घरात लेक सामान्यज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली होती. "आई, अधिकृत राजधानीच नसलेला देश कोणता?" तिने विचारलं, आणि "नौरू" असं माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं. तिला नवल वाटलं. मला मात्र बाबांचा आवाज ऐकू आला.

बाबा मालवाहू बोटीवर कामाला होते. वर्षाकाठी जेमतेम महिनाभर घरी असत. त्या खेपेला ते हातांना तेल लावून ओटीवर फणस फोडत बसले होते. घरभर त्याचा गोड, जड वास भरला होता. "गो बाय, नौरू देशाक राजधानीच नाय. आणि तुवालूत विमान नसला काय पोरां धावपट्टीर फुटबॉल खेळतत!" आई आणि मी हसत होतो. मग एक गरा माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं, "तू आता सातवीत मां?"

मी नववीत होते. आईने मान खाली घातली.

"होय बाबा," मी म्हटलं. त्यांचा चेहरा खुलला.

आठवड्याने ते निघाले, आणि पुढच्या पावसाळ्यात बोटीवरच वारले. तेव्हा वाटलं होतं, आपण त्यांचं मन राखलं. आज वाटतं, खरं सांगितलं असतं तर ते ओशाळले असते, पण मधल्या दोन वर्षांचं सगळं त्यांनी मला विचारून घेतलं असतं. त्यांच्याच घरात मी त्यांना पाहुण्यासारखं वागवलं.