पायवाले भाऊ आणि गोलकीपरची स्टिक

नवा पाय लावून माणूस दुकानाच्या पायऱ्या उतरला, की भाऊ हातातलं काम टाकून त्याच्या मागे चालू लागत. सोबत नाही, मागे. दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून. नजर खाली, त्याच्या टाचेवर. तो बस स्टँडकडे वळला की हेही वळत. तो चहाला थांबला की हे पानटपरीच्या आडोशाला उभे राहत. एखाद्यानं मागे वळून विचारलं, "काय भाऊ, काही राह्यलं काय?" तर गडबडून म्हणत, "नाही नाही, चाला तुमी. मी आपला असाच."

बुलढाण्यात आमच्या भागात तुमचं येणं-जाणं असेल, तर लोकांच्या मागे चोरासारखा चालणारा हा उंच, वाकलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. कृत्रिम पाय आणि पोलिओच्या पायाला आधार देणारे कॅलिपर बनवणं हा त्यांचा धंदा. त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे पायवाले भाऊच म्हणत. मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. माझं घर त्यांच्या दुकानाच्या अगदी समोर, त्यामुळे त्यांचं हे जाणं-येणं मी रोज बघायची.

दुकानदार आपल्या मालाची तारीफ करतो. भाऊंचं उलटं होतं. गिऱ्हाईक खुश होऊन म्हणायचं, "भाऊ, पाय मस्त झाला." भाऊ म्हणायचे, "झाला. पण भरोसा नाही." आतून वहिनींचा आवाज यायचा, "असंच बोलत जा. एक दिवस दुकानात माशी नाही येनार!" भाऊ मान खाली घालून पायाचा बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे.

या भीतीचं मूळ मला वहिनींनीच सांगितलं. फार पूर्वी डोणगावच्या एका शिंप्यानं भाऊंकडून पाय बनवून नेला होता. तिसऱ्या दिवशी घोट्याजवळचा बोल्ट ढिला झाला, शिंपी ओट्यावरून खाली पडला आणि त्याच्या चांगल्या पायाचा खुबा मोडला. भाऊ त्याच्याकडे गेले तर तो म्हणाला, "तुमचा काय दोष? माहाच तोल गेला."

"तो भांडला असता तं बरं झालं असतं मॅडम," वहिनी म्हणाल्या. "तो भांडला नाही, म्हनून हे आजवर सोताशी भांडून राह्यले."

अशा माणसाकडे मी एक दिवस हॉकीची स्टिक घेऊन गेले.

आमच्या शाळेची टीम तेव्हा पहिल्यांदाच जिल्ह्यातून निवडली गेली होती आणि अमरावतीला विभागीय स्पर्धेला निघाली होती. गोलकीपर होती देऊळघाटची शिफा. तिचे वडील भाजीचा व्यापार करायचे. पोरगी अंगानं किरकोळ, पण गोलमध्ये उभी राहिली की भिंत. निघायला चार दिवस असताना माझ्या लक्षात आलं, की ती चेंडू पायानंच अडवते आहे, स्टिक पुढे करतच नाही. मी स्टिक मागून घेतली. खालच्या वाकड्या आकड्याच्या वर वीतभर अंतरावर तिनं चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सोडवली, तर खाली बोटभर लांब चीर.

"कधी झालं हे?"

"परवा मॅडम. गोलच्या पाइपले लागली."

"आणि सांगितलं काऊन नाही?"

"तुमी मले टीममधून काढलं असतं."

गोलकीपरची स्टिक आमच्याकडे एकच होती. मधून बाक असलेली, फायबरची. पुण्याहून नवी मागवली, तर पोचायला आठ दिवस लागतील असं दुकानदारानं सांगितलं. मी दोन सुतारांना दाखवली. त्यांनी हात जोडले, "मॅडम, हे लाकूड नाही." तेव्हा मला भाऊ आठवले. पायाची खोळ ते फायबरचं कापड आणि रेझिनचा चीक वापरूनच तर बनवत.

भाऊंनी स्टिक कानाजवळ धरली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं वरपासून खालपर्यंत टकटक वाजवत नेली. चिरेजवळ आवाज बसका झाला. त्यांनी दोनदा, तीनदा वाजवून पाहिलं. मग एकदम घाबऱ्या आवाजात विचारलं, "हे कोन वापरनार?"

मी सोबत आणलेल्या शिफाला पुढे केलं.

"आन् चेंडू किती जोरात येते?"

"लय जोरात काका," शिफा उत्साहानं म्हणाली. "हाडावर बसला तं हाड मोडन."

एवढं सांगायची काही गरज नव्हती. भाऊंनी स्टिक माझ्या हातात परत दिली. "नाही मॅडम. हे माह्याच्यानं होत नाही. फायबर तुटलं तं सुरीवानी टोक निघते. पोट्टीच्या गळ्यात घुसलं तं?"

मी अर्धा तास विनवण्या केल्या. शेवटी वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमी नाही केली तं हे पोट्टी तसलीच चिकटपट्टी लावून खेळन. मंग कसं?" भाऊंनी शिफाकडे पाहिलं. शिफानं मान हलवून 'हाव' म्हटलं. त्यांनी स्टिक पुन्हा घेतली.

पुढचे दोन दिवस मी शाळेतून आले की थेट त्यांच्या दुकानात. त्यांनी चिरेभोवतीचा रंग खरवडला, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. "चीर इथं थांबते, पुढं पळत नाही," ते म्हणाले. मग रेझिनमध्ये भिजवलेलं फायबरचं कापड तिरकं गुंडाळलं, वरून सायकलची ट्यूब करकचून बांधली आणि स्टिक उन्हात ठेवली. तेवढा वेळ ते तिच्याशेजारी स्टुलावर बसून राहिले, जशी काही ती उठून जाणार होती.

त्यांना कापडाचे चार थर द्यायचे होते. पण हॉकीचा नियम असा, की सामन्याआधी पंच स्टिक एका कड्यातून आरपार घालून बघतात. कड्यात अडकली, तर स्टिक बाद. मी तसं कडं दुकानात नेलं. चार थरांची स्टिक अडकली. भाऊंनी एक थर घासून काढला. अडकली. आणखी एक काढला. दोन थरांवर स्टिक कड्यातून गेली.

"झालं!" मी म्हणाले.

"दोन थर कमी हायेत," भाऊ म्हणाले. त्यांचे हात पांढऱ्या भुकटीनं माखले होते. "तुमच्या त्या पंचाले सांगून पाहा ना. कडं थोडं मोठं नाही होनार काय?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

निघायच्या दिवशी त्यांनी स्टिक शिफाच्या हातात दिली. ती घुमवून म्हणाली, "थोडी जड झाली काका, पण मस्त हाये." भाऊ म्हणाले, "भरोसा नाही." आमची गाडी सुटली तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते. मला वाटलं, या खेपेला तरी त्यांना मागे राहावं लागणार.

अमरावतीला पहिला सामना आम्ही जिंकलो. पंचांनी स्टिक कड्यातून घालून पाहिली आणि काही न बोलता परत केली. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. खेळ सुरू झाल्यावर माझी नजर आमच्या गोलच्या मागे गेली. जाळीपलीकडे, कुंपणाला दोन्ही हातांनी धरून भाऊ उभे होते. पहाटेच्या एसटीनं आले होते. नजर शिफाकडे नव्हती, तिच्या हातातल्या स्टिककडे होती.

चारपैकी तिसऱ्या डावापर्यंत दोन्हीकडे गोल नव्हता. तो डाव संपता संपता समोरच्या टीमच्या एका धिप्पाड मुलीनं असा फटका मारला, की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा चेंडू बाहेर गेला होता आणि मुली शिफाच्या पाठीवर थापा मारत होत्या. तिनं तो स्टिकनं अडवला होता. डाव संपल्याची शिट्टी झाली. बघते तर भाऊ कुंपणाला वळसा घालून माझ्याकडे पळत येत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, काठी काढा."

"काय झालं?"

"आवाज बदलला. आतून थर सुटला. काढा तिच्या हातातून."

मी स्टिक घेऊन पाहिली. वरून काहीच दिसत नव्हतं. शिफा हेल्मेट काढून पुढे आली, घामानं भिजलेली. "काही नाही झालं मॅडम. चांगली हाये. काका उगाच भेऊन राह्यले."

"पोट्टे, मी आयकलं ना माह्या कानानं!" भाऊंचा आवाज फाटला.

दोन डावांमधली सुट्टी दोन मिनिटांची. एकीकडे पोरगी, तिच्या मागे सगळी टीम माझ्या तोंडाकडे बघते आहे. दुसरीकडे हा धापा टाकणारा माणूस. स्टिक माझ्या हातात. मला काय कळत होतं त्यातलं? मी एवढंच मनाशी म्हटलं, ही तुटली आणि पोरीला काही झालं, तर देऊळघाटला तिच्या आईसमोर मी कोणत्या तोंडानं उभी राहू? मी राखीव मुलीची साधी स्टिक शिफाच्या हातात दिली.

शेवटच्या डावात उजवीकडून एक चेंडू आला, जमिनीलगत, फार जोरातही नव्हता. शिफानं स्टिक आडवी टाकली. तिच्या बाक असलेल्या स्टिकला तो लागला असता. या स्टिकखालून गेला. आम्ही एका गोलनं हरलो.

परतीच्या गाडीत शिफा खिडकीकडे तोंड करून बसली. भाऊ आमच्यासोबत आले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, "मी एसटीनं येतो. माहं काही खरं नाही आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा दोघींना दुकानात बोलावलं. स्टिक लोखंडी शिकंज्यात आवळलेली होती. "तुमच्या डोळ्यासमोर पाहू," ते म्हणाले. पायांची ताकद तपासायला त्यांच्याकडे वाळूच्या पिशव्या होत्या. त्यांनी एक पिशवी स्टिकला लटकवली. मग दुसरी, मग तिसरी. स्टिक वाकली, पण तुटली नाही. भाऊंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पिशव्या काढल्या, दोन्ही हातांनी स्टिक धरली आणि पाय उचलून स्वतः लोंबकळले. वाकलेला उंच माणूस, गुडघे पोटाशी घेतलेला. दुसऱ्या कोणत्या वेळी मी पोट धरून हसले असते.

"तुटत काऊन नाही बे!" ते स्टिकवर ओरडले.

स्टिक तुटली नाही. भाऊ खाली उतरले आणि जमिनीवरच बसले. "माह्या कानानं धोका देला," ते म्हणाले. "पोट्टे, तुही मॅच म्या घालवली."

शिफा दारात उभी होती. मला वाटलं, ती काही तरी बोलेल. ती चपला घालून निघून गेली. मी तिच्यावर रागावले होते, हेही सांगून टाकते.

त्यानंतर शिफा सरावाला जाताना आमच्या गल्लीतून दिसली, की भाऊ दुकानात आत जाऊन बसत. आपल्या कामावर भरोसा नव्हता तोवर ठीक होतं, आता आपल्या भीतीवरही त्यांचा भरोसा राहिला नाही. एकच पाय चार-चार वेळा खोलून पुन्हा बसवू लागले. गिऱ्हाईक ताटकळायचं. वहिनी काही बोलेनाशा झाल्या, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

तीन वर्षं अशीच गेली. शिफा शाळा संपवून पोलीस भरतीची तयारी करू लागली. आणि यंदाच्या थंडीत भाऊ खाटेला लागले. एवढ्या वर्षांची फायबरची भुकटी छातीत बसली होती. मी दवाखान्यात गेले तेव्हा नाकाला नळी होती. बोलायला दम पुरत नव्हता. तरी मला बघून त्यांनी हात हलवला.

"मॅडम, ते पोट्टी रागात हाये काय अजून?"

"नाही हो भाऊ. लहान होती ती."

"तिले सांगा, मी चुकलो."

मी दुपारच्या बसनं तशीच देऊळघाटला गेले. शिफा अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मी भाऊंचा निरोप सांगितला. तिचे हात थांबले.

"मॅडम, तुमाले एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"तो चेंडू अडवला ना मी, तवा स्टिक हातात झिनझिनली होती. आतून कट्ट असा आवाज आला होता. मलेही आयकू आला होता. पन मले खेळायचं होतं, म्हनून मी म्हटलं काही नाही झालं. आन् दुसऱ्या दिवशी तुटली नाही, तं मंग सांगाची हिंमतच नाही झाली."

तीन वर्षं. शाळेत असती तर कान पिळला असता. ती रडत होती. मी वहिनींना फोन लावला आणि म्हटलं, "फोन भाऊंच्या कानाला लावा." मग स्पीकर चालू करून तो शिफाच्या हातात दिला.

"काका, मी शिफा. देऊळघाटची," ती म्हणाली. "तुमचा कान बरोबर होता काका. आवाज बदलला होता. मी खोटं बोलली होती."

पलीकडून नुसता श्वासाचा आवाज. मग फोनवर वहिनी आल्या. मी घाईनं विचारलं, "वहिनी, त्यांना ऐकू गेलं का? काही म्हणाले का?"

"म्हनाले ना," वहिनी म्हणाल्या. "इचारून राह्यले, मंग तिले लागलं तं नाही ना कुठं?"

शिफानं डोळे पुसत मोठ्यानं सांगितलं, "नाही काका. कुठंच नाही लागलं." वहिनींनी तो निरोप त्यांच्या कानात सांगितला असेल. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.