पडलेल्या मंत्र्याची सकाळ

२०२४ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. त्या साली दिवाळीच्या तोंडावर, एकाच रविवारी, दोघं पडलो. आमच्या भागातला जुना मंत्री खासदारकीला पडला, आणि मी मराठी मंडळाच्या स्वयंपाकाला.

टोकियोजवळ मुलाकडे येऊन मला बारा वर्षं झाली होती. शाळा चौथीपर्यंत, जपानी येत नाही, पण मंडळाच्या दिवाळीचा स्वयंपाक दर साली माझाच. त्या रविवारी बैठकीत हात वर करून मतं घेतली आणि काम एका पोरीला दिलं. बँकेत नोकरी, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते.

मी म्हणालो, "ठीक आहे. पण मोठी पातेली माझी आहेत. ती मिळायची नाहीत."

"काका, पातेल्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" ती म्हणाली. सगळे हसले. मी उठून आलो.

मंत्र्याला मी पहिल्यापासून बघत आलो. मी आलो तेव्हा तो नुसता उमेदवार. सकाळी स्टेशनाच्या पायऱ्यांपाशी माइक घेऊन एकटा उभा, येईल जाईल त्याच्यापुढे वाकायचा. कुणी ढुंकून बघत नसे. मग निवडून आला, पुढे मंत्री झाला, तरी अधूनमधून त्याच पायरीवर दिसायचाच. मला इथे मत नाही, हे त्याला दिसत असणार. पण माझ्यापुढेही तेवढाच वाकायचा.

सोमवारी सकाळी सुनेबरोबर स्टेशनापर्यंत गेलो, तर हा उभा. बरोबर कुणी नाही.

"काय म्हणतोय?" मी सुनेला विचारलं.

"मीच कमी पडलो म्हणतोय. इतकी वर्षं साथ दिलीत, आभार."

"आणि ज्याने पाडलं त्याला काही?"

"काही नाही, बाबा." गेटकडे जाता जाता ती म्हणाली, "त्याच्याकडे अडवून धरायला पातेली नसतील."

कोन्बिनी दुकानाच्या दारात थांबून तासभर त्याला बघितलं. एकदाही कमी वाकला नाही. मंत्री होणं मोठंच. पण पडल्यावर त्याच पायरीवर येणं मला जमलं नव्हतं. गावात पंचायतीला पडलो तेव्हा आठ दिवस दार लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बँकेतली पोरगी कामाला निघायच्या आत दोन्ही पातेली घेऊन खाली उतरलो. तिने दार उघडलं. पातेली खाली ठेवून मी कमरेतून वाकलो.

"अहो काका, हे काय?"

"मोठं बुडाला लागतं," मी म्हणालो. "आच बारीक ठेव."