एकविसावं घर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर चहा नाकात जाईल. सौसर-पांढुर्णा भागात सहा वर्षं पार्सलची गाडी चालवतोय मी. पण मोहगावात माझी जी फजिती झाली, ती वैऱ्याचीही न होवो!

आपल्याकडचे पत्ते तुम्हाला माहीतच आहेत. 'मंदिराच्या मागे.' अहो, कोणत्या? 'टाकीजवळ.' टाकीजवळ अख्खं गाव राहतं! म्हणून मी एक युक्ती काढली होती. पत्ता विचारायचाच नाही, माणूस विचारायचा. कोणाची, बाप काय करतो, मामा कुठला. घराणं कळलं की घर सापडतं. या युक्तीचा मला भारी गर्व होता.

तर त्या दिवशी नागपूरच्या एका दुकानातून डबा आला. वर लिहिलेलं, 'पूनम, शाळेच्या मागे, मोहगाव.' बस! आडनाव नाही, फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसलेले. खाली दुकानदारानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'धावायचे बूट. उद्या सकाळी जबलपूरला पोलिस भरतीची दौड आहे. आजच द्या.'

म्हणजे एका पोरीची सगळी मेहनत त्या डब्यावर अडकलेली! जबलपूरला सकाळी पोचायचं तर चारची बस धरायला हवी. मी मोहगावात शिरलो तेव्हा तीन वाजायला आले होते. गल्ली अरुंद, म्हणून गाडी शाळेपाशी लावली. डबा गाडीतच ठेवला, कारण घर पक्कं झाल्याशिवाय डबा हातात घ्यायचा नाही, हाही माझाच नियम. कंपनीचा टी-शर्ट धुवायला पडलेला, म्हणून अंगात साळ्याच्या लग्नातला शर्ट होता.

ओट्यावर तीन म्हातारे बसले होते.

"काकाजी, पूनमचं घर कोनतं जी?"

"कोनती पूनम? तीन हायेत."

"पोलिस भरतीवाली."

"मंग आपल्या वामनरावची पोट्टी. काहून?"

आता पक्कं करून घ्यायला नको? चुकीच्या पूनमला बूट गेले तर? मी सुरू झालो. वडील काय करतात? भाऊ किती? मामा कुठला? बूट पाच नंबरचे होते, म्हणून पोरीची उंचीही विचारली.

म्हातारे सावरून बसले. एकानं माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, शर्टाकडे नीट पाहिलं. दुसरा तर चपला न घालताच वामनरावांकडे पळाला. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही!

वामनराव दारात हात जोडून उभे. पलंगावर नवी चादर, शेजाऱ्यांकडून आलेल्या खुर्च्या. लगेच पोहे आले, वर शेव. मी मनात म्हटलं, काय गाव आहे! इतर ठिकाणी पार्सलवाल्याला कोणी पाणी विचारत नाही. पोहे इतके झकास की मी दुसरी बशी मागून घेतली.

डबा पूनमच्याच सहीनं द्यायचा होता. "तिले बोलवा ना जी. मले पुढं जायचं हाय," मी म्हटलं.

"येते, येते," म्हणत वामनरावांनी बायकोला खुणावलं. पूनम घरात नव्हतीच! तिची आई मागच्या दारानं तिला शोधायला धावली.

समोर पूनमचा मामा बसला होता, रामाकोन्याचा. भाचीला बसवर पोचवायला आलेला.

"काय करता आपन?"

"गाडी चालवतो. दिवसभर घरोघरी फिरतो. आजचं हे एकविसावं घर."

मामाचा चहा बशीत सांडला. "एकविसावं? आजच?"

"हाव. अजून नऊ बाकी हायेत."

मामानं खुर्ची जरा मागे सरकवली. तेवढ्यात आई पूनमला घेऊन आली. घामाघूम पोरगी, डोळ्यांत पाणी.

"मी स्टँडवर पार्सलवाल्याची वाट पाहून राहिली! पत्ता अर्धा होता, म्हनून उन्हात उभी. बस सुटन आता माही, आन् तुमी मले पाव्हन्यासमोर बसवता? मले बूट पायजेत बाबा, नवरा नाई!"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. सगळं एकदम समजलं! लाजेनं मेल्यासारखं झालं हो मला.

"ताई," मी कसाबसा बोललो, "बूट माह्या गाडीत हायेत."

मग काय! मी पुढे, पूनम मागे, तिच्यामागे मामा. गाडीपाशीच तिनं बूट घातले, दोन उड्या मारल्या आणि अशी हसली की माझाही जीव भांड्यात पडला. मी तिला आणि मामाला गाडीनं स्टँडवर सोडलं; वाटेत तिनं माझा नंबर घेतला. बस सुटता सुटता मिळाली.

मामा मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "राग नका मानू. पन तुमी नवरदेव असते तरी आमचा नकारच होता."

लग्नाला आठ वर्षं झालीत माझ्या, दोन पोरी आहेत. तरी खरं सांगतो, वाईट वाटलं!

घरी मी हे लपवून ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पूनमचा फोन आला, "दादा, दौड निघाली माही! पास!" आनंदाच्या भरात मी बायकोला सगळं सांगून बसलो. शर्ट, पोहे, मामाचा नकार, सगळं.

ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मले असा मामा असता तं मी वाचली असती!"