आम्ही सगळे उकिडवे

२००४ सालच्या ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी, सकाळी साडेनऊ वाजता, ओहायोतल्या डब्लिन गावी आमच्या स्वयंपाकघरात पोहे खाता खाता माझे अकरा नातेवाईक एकदम कमी झाले. त्या वेळी हजर होतो ते मी, माझी बायको वृंदा, मुलगी सई (वय तेरा) आणि एक पाहुणे. कोणीही दगावलं नाही. पोहेसुद्धा संपले.

हे अकरा नातेवाईक मी दोन वर्षं खपून जमवले होते. त्याचं कारण सई.

आमचं आडनाव उकिडवे. पुण्यात या नावाने कुणाचं काही अडलं नव्हतं. इथे मात्र शाळेत हजेरी घेताना बाई सईच्या नावापाशी आल्या की थांबत, चष्मा सारखा करत आणि आधी पाण्याचा घोट घेत. मग जे काही उच्चारलं जाई, त्यावर वर्ग हसे. एक दिवस सईने इंटरनेटवरून नाव बदलण्याचा कोर्टाचा फॉर्म छापून माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, इथे पेरेंटची सही हवी."

"नवीन नाव काय घेणार?"

"काहीही. शॉर्ट. एनीथिंग!"

"अगं, आपल्या नावात काय आहे ते तुला माहीत नाही!"

"सांगा ना. काय आहे?"

 माझे वडील पोस्टात, आजोबा पोस्टात, पणजोबांचा पत्ता नाही. (पोस्टातल्या घराण्यात पत्ता नसावा, हे माझंही दुर्दैवच.) मी म्हटलं, "दोन वर्षं दे. आठवीत तुमच्या शाळेत फॅमिली हेरिटेज नाइट असते ना? तोपर्यंत मी दाखवून देतो. नाही जमलं, तर सही करतो."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

आता मी एका विमा कंपनीत आकडे तपासण्याची नोकरी करतो. शब्द दिला की तारीख लिहून ठेवतो. मला आठवत होतं की पां. ना. उकिडवे नावाचे एक नाटककार आहेत. म्हणजे घराण्यात लेखणी होती! एक असेल तर आणखी असतील. मी भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागलो, "येताना उकिडव्यांची पुस्तकं आणा. कुठलेही उकिडवे, काहीही लिहिलेलं."

लोकांनी आणली. दोन वर्षांत बेसमेंटमधल्या फळीवर एकोणतीस पुस्तकं आणि सहा नाटकं उभी राहिली. त्यात दोन कादंबऱ्या होत्या, उपवासाच्या पदार्थांचं पुस्तक होतं, दहावीच्या बीजगणिताचं गाईड होतं, आम्लपित्तावर घरगुती उपाय होते आणि गुरांच्या आजारांवर एक जाडजूड ग्रंथ होता. हा ग्रंथ आणताना मित्राच्या भावाला सामानाचं वजन जमवायला आईने दिलेलं मेतकूट विमानतळावर सोडून द्यावं लागलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

"अहो, यातला एक तरी माणूस आपल्या ओळखीचा आहे का?" वृंदाने एकदा विचारलं.

"ओळखीचा नसेल. नात्यातला आहे."

"कशावरून?"

"आडनावावरून! उकिडवे असे कितीसे असणार?"

माझ्या हिशोबी स्वभावाला हे गणित अगदी पटलं होतं, हे मी इथे लाज बाजूला ठेवून नोंदवतो. मग मी एका मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढला. सगळ्यात वयस्कर लेखक पां. ना., म्हणून त्यांना मधोमध बसवलं. कादंबरीकार त्यांचे पुतणे. उपवासवाल्या बाई बहुधा वहिनी. बीजगणित आणि आम्लपित्त सख्खे भाऊ (वय जुळत होतं). सगळ्या रेघा पेन्सिलीच्या होत्या. पुरावा मिळाल्याशिवाय शाई वापरायची नाही, एवढा प्रामाणिकपणा मी ठेवला होता.

आणि सई आठवीत गेली त्याच वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या आधी पां. नां.चंच तीन अंकी नाटक बसवायला घेतलं! वर बातमी आली की पां. ना. स्वतः सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत एडिसनला मुलीकडे आले आहेत. मंडळाचा अध्यक्ष सुहास म्हणाला, "बोलावू या. पण यार, मानधनाचं बजेट नाहीये."

"मानधन कसलं?" मी म्हटलं. "घरचे आहेत ते. माझे चुलतकाका."

सुहासने माझ्याकडे आदराने पाहिलं. असं माझ्याकडे याआधी कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून मी 'बहुधा' हा शब्द गिळला.

त्याच संध्याकाळी मी एडिसनला फोन लावला.

"नमस्कार, मी ओहायोहून उकिडवे बोलतोय."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"हॅलो? काका?"

"कुठले उकिडवे?" आवाज एकदम बारीक झाला होता.

"तेच तर समोरासमोर बसून एकदा ठरवायचंय! दोन वर्षं मी याच कामामागे आहे. लेखी पुरावे गोळा केलेत."

"लेखी?"

"पस्तीस! तुम्ही इकडे या. आमच्याकडेच उतरायचं. आता टाळाटाळ चालणार नाही."

"येतो," ते म्हणाले. "कधीतरी हे व्हायचंच होतं."

मी फोन ठेवून वृंदाला सांगितलं, "गहिवरले गं!"

शुक्रवारी दुपारी ते कोलंबसच्या विमानतळावर उतरले. किरकोळ अंगाचे, पंचाहत्तरीचे, अंगात मुलीचा असावा असा गुलाबी जाकिटाचा प्रकार. घरी येताच त्यांनी बॅग उघडली आणि वृंदाला पैठणी, मला शर्टपीस, सईला चांदीचं निरांजन काढून दिलं.

"अहो काका, हे काय! इतकं कशाला?"

"असू द्या. थोडंच आहे. बाकीचं तुम्ही सांगाल तसं."

सख्खे काकाही एवढा आहेर आणत नाहीत. माझी खात्री पटत चालली. जेवण झाल्यावर मी त्यांना बेसमेंटमध्ये नेलं, फळी दाखवली, वंशवृक्ष पसरला आणि पेन काढलं.

"काका, आपलं मूळ गाव?"

"तुमचं कुठलं?"

"आमचं गुहागरकडचं म्हणतात."

"मग तिकडचंच धरा."

"कुलदैवत?"

"तुमचं जे असेल ते. माझं काही म्हणणं नाही."

काय हा विनय! मी तीन रेघांवर शाई फिरवली. काका गुरांच्या आजारांच्या ग्रंथाकडे बघत घाम पुसत होते. बेसमेंट आमचं थंड असतं, एवढं तरी मला खटकायला हवं होतं.

शनिवार उजाडला. संध्याकाळी नाटक. वृंदाने पोहे केले होते आणि सई शाळेचा कागद घेऊन टेबलाशी बसली होती.

"आजोबा, तुमच्या आजोबांचं नाव काय? बाबांनी हा बॉक्स एम्प्टी ठेवलाय."

काकांनी चमचा खाली ठेवला. सईकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून हात जोडले.

"साहेब, आता लपवत नाही. मी उकिडवे नाही. काय भरपाई असेल ती सांगा. माझ्या मुलीला मात्र यात आणू नका."

मी पोह्यांचा घास तसाच धरून बसलो. "भरपाई?"

"माझं नाव पांडुरंग नारायण माने. पाटबंधारे खात्यात कारकून होतो. नाटक करायचं तर साहेबांची परवानगी लागायची, आणि आमच्या साहेबाला नाटक म्हटलं की पोटात दुखायचं. स्पर्धेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. खोलीच्या खिडकीतून समोरची पाटी दिसली. 'उकिडवे आणि मंडळी, सायकली भाड्याने मिळतील.' टाकलं ते नाव. आणि पहिला नंबर आला!"

"मग?"

"मग काय! दुसरं नाटकही त्याच नावाने करावं लागलं. सायकलवाले उकिडवे सहकुटुंब पहिल्या रांगेत येऊन बसले. गावभर सांगायचे, आमच्यातलाच मुलगा आहे! त्यांना कधी खरं सांगायचं धैर्य झालं नाही. पंचेचाळीस वर्षं झाली. परवा तुमचा फोन आला, 'उकिडवे बोलतोय, लेखी पुरावे आहेत'. मी मुलीला म्हटलं, संपलं. सायकलवाल्यांचे वारस अमेरिकेत वकील झाले."

वृंदा उठून सिंककडे गेली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं ती रडतेय. ती रडत नव्हती.

मी वंशवृक्ष आठवून पाहिला. कादंबरीकार, वहिनी, बीजगणित, आम्लपित्त, गुरं, सगळे मी काकांच्याच फांदीला टांगले होते. फांदी गेली आणि अकराच्या अकरा खाली आले. आमच्या घराण्यात पुन्हा फक्त पोस्ट उरलं.

पण मला अकरांची काळजी नव्हती. काळजी एकीचीच होती. सई काकांकडे टक लावून बघत होती. आता ती फॉर्म आणणार, मी शब्द दिलाय, मी सही करणार, हे मला आकड्यांइतकं स्वच्छ दिसत होतं.

"वेट," ती म्हणाली. "तुमचं नाव माने होतं? म्हणजे फोर लेटर्स? इंग्लिशमध्ये?"

"हो बाळ."

"आणि तुम्ही ते सोडून उकिडवे घेतलं? ऑन पर्पज?"

"अगदी मुद्दाम."

"बट व्हाय? ते किती ईझी आहे!"

काका पहिल्यांदाच सैल हसले. "ऑफिसात चार माने होते. साहेब ओरडला की चौघं उभे राहायचे. पाटीवरचं नाव बघितलं आणि वाटलं, हे एकदा वाचलं की माणूस विसरायचा नाही. स्पर्धेच्या परीक्षकांनी ते नाव तीनदा चुकीचं वाचलं, पण हॉलमध्ये प्रत्येकजण शेजाऱ्याला विचारत होता, कोण हो हा?"

 सईने पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, ते ती कधी घेत नाही.

खरा घोळ संध्याकाळी झाला. पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. माने काका म्हणत होते, "जाऊ द्या हो, पुतण्या म्हणूनच उभे राहा. माझी हरकत नाही." पण मला चुकीचा आकडा जसा पुढे ढकलता येत नाही, तसं चुकीचं नातंही ढकलता येईना. त्यांनी अट एवढीच घातली की खरं नाव ते स्वतः नाटकानंतर सांगतील. तेव्हा मी माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "एक खुलासा. पाहुणे माझे काका नाहीत. आजपासून आमचं काहीही नातं नाही."

पहिल्या रांगेतल्या एकाने वाजवायला घेतलेली टाळी मध्येच आवरली.

पहिल्या मध्यंतरात एक काकू वृंदाचा हात धरून म्हणाल्या, "इस्टेटीवरून का गं?"

दुसऱ्या मध्यंतरापर्यंत गुहागरकडच्या जमिनीचे सहा एकर झाले होते. सामोसे घेताना एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "यार, म्हाताऱ्या माणसाला स्टेजवर असं तोडायचं नाही. कोर्टात जा." सुहासने काकांना आपल्या घरी झोपायला चला म्हणून आग्रह केला. काका म्हणाले, "छे, मला पुतण्याकडेच बरं वाटतं." ते ऐकून तीन बायकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन सामोसे परत ठेवले.

नाटकानंतर काकांनी सगळी हकिगत स्टेजवर सांगितली. त्यांच्या तिन्ही अंकांना मिळाले नव्हते एवढे हशे त्या पंधरा मिनिटांना मिळाले. बहुतेक माझ्यावर होते.

नातं नाही म्हटल्यावर मानधन आलंच. मंडळाचं बजेट शून्य, 'घरचे आहेत' हे वाक्य माझं. रविवारी विमानतळावर मी माझ्या खात्यातून एकशे एक डॉलरचा चेक पांडुरंग नारायण माने यांच्या नावाने लिहून दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला. "नाटकासाठी या नावाने पैसे पहिल्यांदाच मिळाले," असं म्हणाले आणि पाकिटात न ठेवता आतल्या खिशात ठेवला. मग मला मिठी मारली. पुतण्याला मारतात तशीच.

पंधरा दिवसांनी शाळेत हेरिटेज नाइट झाली. सई स्टेजवर गेली तेव्हा तिच्या हातातला कागद पाहून मी खिशातलं पेन चाचपलं. तोच कोर्टाचा फॉर्म! नंतर कळलं, मागची बाजू कोरी होती म्हणून भाषण त्यावर लिहिलं होतं. सहीची जागा कोरीच होती.

"माझ्या बाबांनी अकरा फेमस नातेवाईक शोधले," ती इंग्रजीत म्हणाली. "त्यातलं कोणीही आमचं नाही. पण एका माणसाकडे जगातलं सगळ्यात सोपं नाव होतं, माने. ते सोडून त्याने आमचं घेतलं." मग तिने स्वतःचं पूर्ण नाव, सावकाश, एकेक अक्षर सुटं करत सगळ्या हॉलकडून तीनदा म्हणवून घेतलं. पाणी कुणीच प्यायलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर तिच्या वर्गशिक्षिका गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "व्हॉट अ ब्यूटिफुल स्टोरी, मिस्टर माने!"

आडनावासाठी दोन वर्षं, पस्तीस पुस्तकं आणि एकशे एक डॉलर खर्च केलेला मी, मागे लोक खोळंबले होते, म्हणून म्हटलं, "थँक यू."