चिमणीचा धूर कुठे उतरतो

विजेच्या खात्यातली आम्ही निवृत्त मंडळी सकाळी फिरायला भेटलो की एखाद्या नव्या प्रकल्पावर वाद सुरू होतो आणि पाच मिनिटांत गाडी जुन्या किश्शांवर येते. आकडे विसरलो, माणसांची वाक्यं तेवढी साठत गेली. यात माझी चूक असू शकेल. हे मी आयुष्यभर म्हणत आलो, नकाशांवर सही करतानासुद्धा.

सत्तर सालच्या सुमाराला नागपूरजवळ कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र व्हायचं होतं. दातार साहेब मुख्य अभियंता. मी त्यांच्या हाताखाली, नुकताच परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला. शेजारच्या गावात शाळेत पहिली सभा झाली. साहेबांनी चिमणीची उंची सांगितली. "धूर थेट आभाळात जाईल."

संत्र्याची बाग असलेले श्रावणजी उठले. "वर जाईन, हे समजलं जी. पण खाली कुठं उतरन?"

मी फळ्यावर समीकरण लिहायला गेलो. साहेबांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. "त्यांचा प्रश्न तुझ्या प्रबंधापेक्षा चांगला आहे. आधी वारा मोजू."

*

त्यासाठी आम्ही वर्षभर फुगे सोडले. प्रत्येकाला एक पोस्टकार्ड बांधलेलं: फुगा कुठे सापडला ते लिहून पेटीत टाका. लोक मनापासून उत्तरं पाठवत. एका कार्डावर गावाचं नाव आणि खाली, "फुगा वावरात पडला. म्हशीनं खाल्ला. म्हैस बरी आहे. दुसरा पाठवू नका."

साहेबांनी नकाशात त्या गावावरही टाचणी टोचली. "म्हशीनं आपलं काम केलं."

*

शहरात तोवर वर्तमानपत्रांतून पत्रापत्री पेटली होती. धंतोलीतल्या एका सभागृहात एक प्राध्यापक तळमळीने बोलत होते, "आम्हाला ही वीज नको!" तेवढ्यात दिवे गेले. सगळे संशयाने साहेबांच्या खुर्चीकडे वळले.

"मी काही केलेलं नाही," अंधारातून साहेबांचा आवाज आला. "माझं केंद्र अजून कागदावर आहे."

सगळ्यात मोठ्याने प्राध्यापकच हसले. मेणबत्ती आली, ती साहेबांनी स्वतः त्यांच्या कागदांजवळ धरली. "वाचा. राखेचा मुद्दा मला पूर्ण ऐकायचाय."

*

मग गावातली शेवटची सभा. पोस्टकार्डांवरून कळलं होतं की हिवाळ्यात वारा चिमणीच्या जागेकडून सरळ श्रावणजींच्या बागेकडे जातो, नेमका संत्र्याचा आंबिया बहार फुलतो तेव्हा. हे कशाला सांगायचं, असं खात्यातले काही जण म्हणत होते. साहेबांनी नकाशा भिंतीवर लावला आणि सगळं सांगितलं. "पण आमच्या हिशेबानं धूर बागेच्या वरून निघून जाईल. फुलाला धक्का लागणार नाही."

आमच्याकडे बहार पाहून व्यापारी झाडावरचं सगळं पीक आधीच विकत घेतो. पुढे गारपीट होवो की फळ गळो, जोखीम त्याची. श्रावणजी शांतपणे म्हणाले, "मंग केंद्र सुरू होईन त्या साली माही बाग तुमीच घ्या. माहं सारं घर तिच्यावरच हाय."

"घेतली," साहेब म्हणाले.

श्रावणजींनी मान हलवली. "अन हा हिसाब कोनं केला जी?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मंग अर्धी बाग ह्या साहेबायले द्या."

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि नकाशा पाहिला.

"साहेब," मी विचारलं, "चिमणी आणखी थोडी उंच करता येईल का?"